मालवणच्या पाण्याखालचा कचरा काढायचाय? आधी किनाऱ्यावर बसा, मग टाकी लावा

दिवाळीच्या सुमारास पाणी निवळायला लागलं की ओळखीतले डायव्हर विचारायला लागतात, मालवणला येतोय, कचरा काढायला कुठे उतरू, काय काय लागेल. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगतो आणि दरवेळी काहीतरी राहूनच जातं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय. मी पुण्यात राहतो, आजोळ मालवणचं, आणि गेली काही वर्षं सुट्टी मिळेल तसा जाऊन हे काम करतो. इथे जे आहे ते मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यातलं आहे. रत्नागिरी किंवा गोव्याकडे जाणार असाल तर बरंचसं तसंच लागू पडेल, फक्त पाणी आणि परवानग्या तिथल्या लोकांना विचारा.

सगळ्यात आधी एक सांगतो. पाण्याखाली आपण जेमतेम पाऊण तास असतो, बाकी सगळं काम किनाऱ्यावरचं आहे आणि तेच बिघडतं. पहिल्या वर्षी आम्ही ९ गोणी भरून जाळी आणि बाटल्या वर आणल्या, रात्रीपर्यंत गाडी येईल असं सांगितलं होतं म्हणून गोणी वाळूत एका कडेला लावून ठेवल्या, गाडी आलीच नाही, आणि त्या दिवशी नेमकी अमावस्या, रात्रीच्या उधाणाला पाणी वरपर्यंत चढलं. सकाळी बघतो तर ५ गोण्या फुटून सगळं परत पाण्यात गेलेलं. इतकं वाईट वाटलं होतं ना, त्यातली काही जाळी सोडवायला आम्हाला दोन डाईव्ह लागल्या होत्या. त्यामुळे गाडी पक्की झाल्याशिवाय आणि गोण्या ठेवायला भरतीच्या वर जागा मिळाल्याशिवाय मी आता तारीखच ठरवत नाही.

पाण्यात कोणी उतरायचं आणि कोणी नाही

मालवणला जे हजारो लोक स्कूबा करतात त्यातले बहुतेक फक्त अनुभव म्हणून करतात, इन्स्ट्रक्टर मागून धरून फिरवून आणतो. त्यांनी या कामाला पाण्याखाली उतरू नये, कितीही इच्छा असली तरी. कमीत कमी ओपन वॉटर (डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं) सर्टिफिकेट हवं, आणि माझ्या मते तेवढ्यानेही भागत नाही. तळापासून हातभर वर, कशालाही न धरता, दोन मिनिटं एका जागी तरंगता यायला पाहिजे, तेही हातात कात्री आणि पिशवी असताना. ते जमत नसेल तर तुम्ही गाळ उडवणार, कोरलवर (प्रवाळावर) पायातले फिन मारणार, आणि जेवढा कचरा काढाल त्यापेक्षा जास्त मोडतोड करून याल. जाळी कापायच्या टीममध्ये तर मी ५० च्या खाली डाईव्ह असलेल्या कोणाला घेत नाही. ही कुठल्या संस्थेची अट नाही, माझीच आहे.

जे या अटींत बसत नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, किनाऱ्यावर वजन करणारा आणि नोंद करणारा माणूस मिळणं डायव्हर मिळण्यापेक्षा कठीण आहे. सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर तारकर्लीलाच एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, तिकडे चौकशी करा.

परवानग्या

मालवणचा समुद्र म्हणजे नुसता समुद्र नाही, १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. म्हणजे तिथे खालून काहीही उचलायचं तर वन विभागाला आधी लेखी कळवायला आणि परवानगी घ्यायला पाहिजे, कचरा असला तरी. दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, त्यामुळे जाळ्याबरोबर कोरलचा तुकडा वर आला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. याशिवाय बंदर कार्यालय, पोलीस ठाणं आणि नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, तिन्हीकडे एकेक अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख, जागा, डायव्हरची संख्या, बोटीचा नंबर आणि कचरा कुठे जाणार हे लिहा. तीन आठवडे आधी सुरुवात करा, शेवटच्या आठवड्यात कोणी हाताला लागत नाही.

रापणकरांकडे (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडे) जा

हा भाग लोक सोडून देतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खाली कुठे काय अडकलंय हे तुमच्या डाईव्ह कॉम्प्युटरला माहीत नाही, तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) माहीत आहे. त्याच्या डोक्यात सगळा तळ आहे, किती वाव पाणी, कुठे खडप (पाण्याखालचा खडक), कुठे रेती, आणि खूण कशी तर किल्ल्याचा अमका बुरूज आणि किनाऱ्यावरचं तमकं झाड एका रेषेत आलं की खाली खडप. एका म्हाताऱ्या काकांनी मला बसल्या जागी सांगितलं होतं, "थंय खडपार माझ्या पुतण्याचा जाळा अडाकला हा, शिमग्यापासून." आम्ही गेलो तर खरंच तिथेच, १० मीटरवर, दगडावर पदरासारखं पसरलेलं. वाव म्हणजे साधारण ६ फूट, तेव्हा कोणी ७ वाव म्हणालं की १३ मीटरच्या आसपास धरा.

जाताना एक लक्षात ठेवा. हरवलेलं जाळं हे त्या माणसाचं नुकसान आहे, हजारो रुपयांचं, कोणी मुद्दाम टाकत नाही. खडपात अडकतं, कधी मोठा ट्रॉलर वरून जातो आणि छोट्याचं जाळं तोडून नेतो. त्यामुळे तुम्ही लोकं समुद्रात घाण करता असल्या सुरात बोललात तर पुढच्या वेळी कोणी काही सांगणार नाही आणि त्यांचं बरोबरच असेल. उलट हीच माणसं जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन आला तर स्वतःचं जाळं कापून सोडतात, त्यासाठी २०१८ पासून राज्य सरकारची २५ हजार रुपयांपर्यंतची भरपाई योजना आहे, कोणाला माहीत नसेल तर सांगा. आणि आधीच विचारून ठेवा, जाळं चांगल्या अवस्थेत निघालं तर परत हवंय का. शक्य असेल तर बोट त्यांचीच घ्या, रोजचे पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका.

दिवस कसा निवडायचा

जून-जुलै मासेमारी बंद असते आणि समुद्रही उतरण्यासारखा नसतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात पण पाणी गढूळच असतं, कर्ली आणि इतर नद्यांचं पावसाचं पाणी येतच असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, खालचं दिसतं तरी.

महिना ठरला की तिथी बघा. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसातला पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ओढतं आणि तळाचा गाळ उठतो, ते दिवस सोडा. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस पाणी मंद असतं. माझा आवडता दिवस दशमी, शुद्ध असो की वद्य. सकाळी साडेसातच्या भरतीला पाणी थांबतं, करंट नसतो, समुद्राकडचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या) वाऱ्यामुळे वर लाटाही कमी असतात, तेव्हा डाईव्ह उरकायची, आणि मग पाणी उतरत जातं तसं दीड वाजेपर्यंत तीच सगळी टीम किनारा साफ करते. हा पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे हं, पंधरा-वीस मिनिटं नाहीतर थोडं जास्तही इकडेतिकडे होतं, टाईड टेबलशी ताडून बघाच.

सामान

नेहमीच्या डाईव्ह सामानाशिवाय लागतं ते असं: जाळीदार पिशव्या (पाणी निथळणाऱ्या, वरून झटकन बंद होणाऱ्या), सुई-काच सहज घुसणार नाही असे जाड हातमोजे, प्रत्येकाकडे दोन कापायची साधनं, त्यातलं एक जाड बोथट टोकाची कात्री. नुसता सुरा नायलॉनवर घसरतो, तंगूस (मासेमारीची बारीक नायलॉन दोरी) तर कात्रीनेच तुटते. दोन्ही साधनं वेगवेगळ्या जागी लावा आणि कुठल्याही हाताने काढता येतात का ते आधी बोटीवर करून बघा. सरफेस मार्कर बॉय (खालून वर सोडायचा खुणेचा फुगा), बोटीवर डायव्हिंगचा झेंडा, आणि काच-सुयांसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा.

मास्कवरचा स्नॉर्केल काढून ठेवा, गेज (हवा-खोलीचं मीटर) आणि ऑक्टोपस (श्वास घ्यायचं जादा तोंड) अंगालगत क्लिप करा, फिनच्या पट्ट्यांची टोकं आत वळवून टेप लावा. जे लोंबतं ते जाळ्यात अडकतं.

पाण्याखाली

जोडीनेच उतरायचं आणि जोडीतल्या एकाकडेच पिशवी. दुसरा हवा, खोली, वेळ बघतो. दोघंही कचरा शोधायला लागले की दहा मिनिटांत एकमेकांपासून लांब जातात, प्रत्येक वेळी हे होतं. टाकीत २०० बार (हवेचा दाब) घेऊन उतरलात तर १०० ला काम थांबवा, उरलेलं किती का असेना, आणि ५० बार शिल्लक ठेवून वर या. काम करताना श्वास जोरात चालतो आणि हवा नेहमीपेक्षा लवकर संपते. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, उथळ डाईव्ह असली तरी.

बाटल्या, वेफर्सची पाकिटं, चपला, टायर, पर्यटकांचे पडलेले गॉगल हे सगळं दिसेल. पण उचलायच्या आधी प्रत्येक गोष्टीत बघा. बाटलीत छोटा मासा अंडी घालून राखण करत बसलेला असतो, डब्यात ऑक्टोपस असतो, शंख म्हणून उचलाल त्यात खेकडा राहतो. आत कोणी असेल तर तळाशीच वाकडं करून बाहेर येऊ द्या, येत नसेल तर ती बाटली राहू द्या. ज्याच्यावर कोरल किंवा स्पंज जाड वाढलाय ते आता तळाचाच भाग झालंय, त्याला हात लावू नका. झाकण बंद असलेले ड्रम, बॅटऱ्या, बॉम्बसारखं काही दिसलं तर जागा लक्षात ठेवा, मार्कर सोडा आणि वर जाऊन पोलिसांना कळवा. आणि किल्ल्यांच्या पाण्यात मध्ये भोक पाडलेला मोठा घडीव दगड दिसला तर तो कचरा समजून हलवू नका, कोकण किनाऱ्यावर जुन्या गलबतांचे दगडी नांगर सापडलेले आहेत. फोटो काढा, खोली लिहा, बस.

दगडांवर हात टेकायची सवय सोडा. लायनफिश आणि स्टोनफिश दोघांचेही काटे विषारी, आणि स्टोनफिश तर दगडच वाटतो. किनाऱ्याजवळच्या रेतीत पाकट (काट्याच्या शेपटीचा चपटा मासा) पुरून बसलेला असतो, उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या म्हणजे तो आधीच निघून जातो.

जाळं कापणं

याच्यासाठी तिघं: एक कापणारा, एक गुंडाळणारा, आणि तिसरा थोडा लांब राहून फक्त या दोघांकडे बघणारा. तिसऱ्याने काम करायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

पहिली फेरी नुसती बघायची. जाळं कुठून कुठपर्यंत आहे, शिशाची दोरी कुठे, भेंडं (जाळं तरंगवणारे तुकडे) कुठे, कोणते फास अजून ताणलेले आहेत, आत जिवंत काय आहे. खेकडे, शेवंड, मासे जिवंत असतील तर आधी त्यांच्या भोवतीचे धागे कापून त्यांना सोडा. ओढून काढायला गेलात तर खेकड्याचे पाय तुटतात, कल्ल्यातला धागा खेचला तर मासा मरतो. मग कडेपासून सुरुवात करा, कधीच मधून नाही, नाहीतर सुटलेली दोन्ही टोकं तुमच्याभोवती फिरतात. मीटर-दीड मीटरचा तुकडा कापा, सुरळी करा, पिशवीत घाला, मग पुढचा. सुटलेलं टोक पाण्याने तुमच्यापासून लांब जाईल अशा बाजूला राहा, आणि करंट इतका असेल की जागेवर राहायला फिन मारावे लागतायत तर काम बंद करा. जाळ्याच्या खाली किंवा कमानीतून जायचं नाही, एक मासा अडकलेला दिसला म्हणून सुद्धा.

कोरलमध्ये रुतलेला भाग ओढायचा नाही. कोरलच्या जितकं जवळून कापता येईल तितकं कापा आणि उरलेले धागे तसेच सोडा, त्यावर पुढे कोरल वाढतं. हे सोडून येताना जीव तुटतो पण फांदी मोडली तर ती परत वाढायला कितीतरी वर्षं जातात.

स्वतः अडकलात तर थांबा. वळू नका, वळलं की जाळं टाकीच्या व्हॉल्व्हभोवती गुंडाळलं जातं. हात वर करून जोडीदाराला खूण करा, तो मागून कापेल. एकदा माझ्या फिनच्या बकलमध्ये तंगूस अडकली होती, दिसतही नव्हती, आणि मी पाय झटकला तशी ती गुडघ्यापर्यंत चढली. जोडीदाराने २० सेकंदात कापली, पण ते २० सेकंद मला अजून आठवतात.

जड काही असेल, पाण्यात ५-७ किलोच्या वर वाटत असेल, तर हातात धरून वर येऊ नका आणि बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरून तर अजिबात नाही. हातातून निसटलं की तुम्ही फुग्यासारखे वर जाल, फुप्फुसाला इजा होते ती अशीच. त्यासाठी लिफ्ट बॅग असते, पण ती वापरायचं ट्रेनिंग घेतलेल्यानेच वापरायची. साधारण १ लिटर हवा १ किलो उचलते, आणि १० मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, म्हणून बॅग वर जाताना वेग घेते. हवा थोडी थोडी भरायची, बॅग स्वतःला कधीच क्लिप करायची नाही, आणि ती सुटली की वर-खाली कोणी नको. ट्रेनिंग नसेल तर बोटीवरून दोर सोडा, खाली बांधा, बाजूला व्हा, खलाशी वर ओढून घेतील, ते आपल्यापेक्षा चांगलं ओढतात.

किनारा

चार-पाच जणांचे गट करा, गोणपाटाच्या गोण्या द्या, प्लास्टिकच्या पिशव्या वाटू नका. भरतीरेषेवर सगळ्यात जास्त मिळतं, आणि सुरूच्या झाडांच्या मुळांत वारा नेऊन टाकतो ते. समुद्रशैवाल आणि वाहून आलेली लाकडं राहू द्या, त्यात छोटे जीव राहतात. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ असतो, सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर घरटी होतात, तेव्हा भरतीरेषेच्या वर दाताळं मारायचं नाही, खणायचं नाही, हातानेच वेचायचं. रुतलेलं जाळं खेचायच्या आधी गावातल्या कासवमित्राला विचारा. लहान मुलांना सुया आणि काचा उचलू देऊ नका, त्यांनी हाक मारायची, मोठ्याने चिमट्याने डब्यात टाकायचं.

वजन, नोंद, गाडी

मोठी ताडपत्री पसरा, सावलीत, भरतीच्या वर. जाळी निथळू द्या, अर्ध्या तासाने वजन करा, ओल्या गोणीत निम्मं पाणीच असतं. प्लास्टिक, काच, धातू, रबर, कापड, मासेमारीचं सामान असे ढीग करा आणि नग मोजा. पाण्याखालून आलेलं आणि किनाऱ्यावरचं एकत्र करू नका, हे फार महत्त्वाचं आहे, कारण जगभर डायव्हर 'डाईव्ह अगेन्स्ट डेब्री' नावाच्या नोंदवहीत २०११ पासून आकडे भरतायत आणि तिथे फक्त पाण्याखालचंच लागतं, जागा, खोली, वेळ आणि किती जण उतरले यासकट. काही मिळालं नाही तरी तसं भरा. एकच जागा घेऊन दर महिन्याला तिथेच गेलात तर तीन-चार महिन्यांत कळतं की नवीन काय येतंय आणि कुठून येतंय, वेगवेगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन ते कळत नाही.

मग कचरा. शेजारचं वेंगुर्ला बघा, तिथल्या नगरपरिषदेने डम्पिंग ग्राउंडचं कचरा वेगळा करायच्या केंद्रात रूपांतर केलंय, लोक बघायला जातात, एवढं व्यवस्थित आहे. तुमच्या गावात कोण काय घेतं ते आधीच विचारून घ्या. काच आणि धातू भंगारवाला नेतो. जाळ्यात नायलॉन, दोरात दुसरंच प्लास्टिक, वर शिसं, हे सगळं वेगळं केलं तरच कोणी पुनर्वापराला घेतं, म्हणून शिसं आणि भेंडं कापून बाजूला काढायला दोन माणसं बसवा. शिसं आणि चांगली भेंडं मच्छीमारांना परत द्या, त्यांच्या कामाची असतात. गाडी निघाल्याशिवाय कोणी जेवायला जायचं नाही.

काही लागलं तर

लायनफिश, पाकट यांचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशाच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, थर्मासमध्ये गरम पाणी बोटीवर असू द्या, आणि डॉक्टरकडे न्याच. डाईव्हनंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर असं झालं तर ऑक्सिजन लावून लगेच हॉस्पिटल, वाट बघत बसू नका. जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (अशा त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) कुठे चालू आहे तो नंबर आदल्या दिवशी फोन करून खात्री करून बोटीवर चिकटवा. दोन डाईव्ह केल्या असतील तर १८ तास विमान नाही, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून संध्याकाळची फ्लाईट काढून येणाऱ्यांनी हे वाचा.

संध्याकाळी सामान गोड्या पाण्यात धुऊन झालं की मी वही घेऊन परत तांडेलकाकांकडे जातो. कुठल्या खडपावर किती किलो निघालं, काय तिथेच सोडलं आणि का, कोणाच्या जाळ्याचा किती भाग परत आलाय हे सांगतो. मागच्या वेळी ते सगळं ऐकून गप्प बसले, आणि मग स्वतःच वही ओढून घेऊन किल्ल्याच्या दक्षिणेला अजून दोन खुणा काढून दिल्या, ८ वाव आणि ११ वाव. अकरा वाव म्हणजे २० मीटर, तिथे आपल्यातल्या ॲडव्हान्स्ड कोर्स केलेल्यांनीच यायचं. ८ वावाची जागा येत्या वद्य दशमीला करतोय.